दापोलीच्या कॅप्टनचे वारस

काका पहिल्यांदा भेटले तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि माझे डोळे पाहिले. मी शॉमबर्गला नोकरीत नवीन होतो आणि त्यांच्या बेसमेंटमधली खोली भाड्याने घ्यायला गेलो होतो. अमेरिकेत घरमालक क्रेडिट स्कोअर पाहतात हे ऐकून होतो, बुबुळं पाहतात हे माहीत नव्हतं. "काळे आहेत," ते जरा निराश होऊन म्हणाले, आणि मग आत वळून काकूंना सांगितलं की चहा टाक, मुलगा बरा दिसतोय.

चहा देता देता काकूंनी खुलासा केला. "यांना वाटतं की हे इंग्रज आहेत. तू मनावर घेऊ नकोस. बाकी स्वभावाने ठीक आहेत."

काकांचे डोळे घारे होते. आता कोकणातल्या त्यांच्या लोकांत घारे डोळे पोत्याने मिळतात. पण काकांचं म्हणणं, ते घारे वेगळे आणि हे वेगळे. यांत निळी झाक आहे. ही झाक पाहायची तर सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी यावं लागे, कारण ऊन तेवढाच वेळ तिथे असायचं. मी त्या घरात तीन वर्षं राहिलो. कितीतरी शनिवारी मला दहा वाजता वर बोलावणं आलं, आणि भाडेकरू या नात्याने मी दर वेळी झाक पाहिली.

सिद्धांत असा होता. काकांच्या खापरपणजोबांना गावात सगळे 'साहेब' म्हणत. हे त्यांच्या कुलवृत्तांतात छापलेलं होतं. एका आडनावाची सगळी माणसं, कोण कुणाचा मुलगा आणि कोण कुठे कारकून, अशी माहिती असलेलं ते जाड पुस्तक काकांच्या वडिलांनीच जमवून छापलं होतं. खापरपणजोबांच्या नावापुढे एवढंच होतं: गौरवर्ण, घारे डोळे, गावात यांस साहेब म्हणत. त्या काळी दापोलीला गोऱ्यांची छावणी होती. छावणीत एक कॅप्टन होता, आणि तो इंग्लंडातल्या कुणा अर्लचा, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पायरीच्या लॉर्डचा, धाकटा मुलगा होता. एवढ्यावरून काकांनी पुढचं ताडलं.

काकू म्हणायच्या, त्या काळी गावात कुणी बूट घातले तरी त्याला साहेब म्हणायचे. शिवाय कॅप्टनला बाप ठरवायचं तर साहेबांच्या आईचं काय, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. "दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईवर आळ घेताय, स्वप्नात येईल ती." काका दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वंशावळीच्या तक्त्यावर कॅप्टन आणि ती बाई यांच्यामध्ये सुबक अक्षरात 'गांधर्वविवाह' असं लिहिलं आणि विषय संपवला.

तो तक्ताही पाहण्यासारखा होता. काकांनी सगळी नोकरी इथल्या पाणीपुरवठा खात्यात केली. जमिनीखालचे नळ कुठून कुठे जातात याचे नकाशे काढण्यात त्यांची उमर गेली, त्यामुळे वंशावळही त्यांनी तशीच काढली होती. थोरल्या मुलाची मेन लाइन जाड, धाकट्यांच्या बारीक. निपुत्रिकांच्या टोकाला टोपण. जे लोक इंदूरला गेले आणि पुन्हा कळले नाहीत त्यांच्यापुढे 'गळती?' असं लिहिलेलं. हा सगळा कारभार जेवणाच्या टेबलावर पसरलेला असायचा, म्हणून ते दोघं सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवत.

आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे लॉर्डकाका म्हणत. पाठीमागे म्हणत, पण काकांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले, आणि मग लोक तोंडावर म्हणू लागले. गणपतीत आरतीनंतर कुणी नवीन जोडपं दिसलं की काका त्यांना उजेडात घेत. त्यांचा मुलगा सिएटलहून फोनवर म्हणायचा, "बाबा, वी किक्ड देम आउट. नाऊ यू वॉन्ट इन?" काका त्याला सांगत की भांडण सरकारचं होतं, घराण्याचं नाही.

घराण्याला साजेसं म्हणून त्यांनी दारावर लावायला एक चिन्हही केलं होतं. लाकडी ढाल, तिच्यावर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला हापूस आंबा, मध्ये नारळ. सिंह मात्र सर्दी झाल्यासारखा दिसत होता. टाउनहाऊसच्या असोसिएशनचं पत्र आलं की दारावर फक्त फुलांचं तोरण किंवा रीथ, म्हणजे फुलापानांचं गोल कडं, चालेल. काका मीटिंगला गेले आणि हा पूर्वजांचा मान आहे असं वीस मिनिटं बोलले. शेवटी तडजोड झाली. ढालीभोवती प्लास्टिकची फुलं लावायची, म्हणजे ती रीथ होईल.

मला या सगळ्याचं हसू यायचं, आणि थोडा रागही यायचा. माझं घर नागपूरचं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि आमची वंशावळ तिथून सुरू होते. त्याच्या आधीचं कुणी लिहिलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. हे मी काकांना सांगितलं तर ते इंजिनिअर म्हणून दुखावले. असं कसं, पाइप कुठून तरी येतोच, तू वडिलांना फोन लाव. मी लावला. वडिलांना त्यांच्या आजोबांचं नाव नक्की आठवेना. काकांनी जे कळलं ते लिहिलं, त्याच्यावर पेन्सिलीने एक रिकामी चौकट काढली आणि म्हणाले, राहू दे, सापडेल. तेव्हा मात्र मी बोललो. म्हटलं, काका, आमची नावं सापडणार नाहीत, कारण लिहिण्याची वही तुमच्या पूर्वजांच्या हातात होती आणि त्यांनी आमची लिहिली नाहीत.

काकांनी आपला तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले, "खरं आहे. हलकट होते त्यातले बरेच." आणि त्यांनी आपल्याच मेन लाइनवरच्या दोन-तीन नावांपुढे पेन्सिलीने फुल्या मारल्या. त्यानंतर मला त्यांच्यावर नीट रागावता आलं नाही.

डोरोथी सापडली ती वंशावळीच्या एका वेबसाइटवर. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावातली निवृत्त शाळाशिक्षिका, वय काकांएवढंच. कॅप्टनचा एक भाऊ तरुणपणी विस्कॉन्सिनला शेती करायला आला होता, त्याच्या वंशातली. कॅप्टनने भावाला लिहिलेली पत्रं तिने वेबसाइटवर चढवली होती. त्यांतल्या एकात दापोलीचा उल्लेख होता. रोज सकाळी व्हरांड्यात एक निळ्या डोळ्यांचा मुलगा येऊन बसतो, मी त्याला इंग्रजी शिकवतो, तो जणू माझाच असावा इतका त्याच्यावर जीव जडला आहे, असं कॅप्टनने लिहिलं होतं. काकांनी ते पत्र मला चार वेळा वाचून दाखवलं. मी म्हटलं, काका, त्याने 'जणू' म्हटलंय. त्यावर काका म्हणाले, इंग्रज माणूस कधी सरळ बोलतो का? त्याने 'जणू' म्हटलं म्हणजे 'आहेच'.

डोरोथीला तर आनंद झाला. तिच्या घराण्याचं जुलैमध्ये दर वर्षी संमेलन असतं, तिने काकांना सहकुटुंब बोलावलं. माझ्याकडे मोठी गाडी होती म्हणून मी सहकुटुंबात आलो. काकांनी लोकरीचा सूट घातला, नव्वद डिग्री फॅरनहाइटच्या उकाड्यात. काकूंनी दोन डबे कोथिंबीर वड्या घेतल्या, कारण हात हलवत जायचं नाही. काकांच्या मनात काय होतं ते त्यांनी वाटेत सांगितलं. फार तर दगडी घर असेल, पण फायरप्लेस नक्की असेल आणि वर तैलचित्रं.

निघालं ते तळ्याकाठचं सरकारी पार्क, पत्र्याची शेड, आणि शेडखाली साठ-सत्तर माणसं एकाच पोपटी रंगाच्या टी-शर्टात. अर्लचे वारस हॉट डॉग भाजत होते. एक बाई बटाट्याच्या सॅलडची परात मिरवत होती. काका गाडीपाशी क्षणभर थबकले, मग टाय सरळ करून पुढे गेले आणि कमरेत वाकून म्हणाले, "आय अॅम फ्रॉम द दापोली ब्रांच." दोन मिनिटांत त्यांना पंधरा जणांनी मिठी मारली आणि सूटवरून पोपटी टी-शर्ट चढवला. दुपारी ते जोडीदाराच्या पायाला पाय बांधून पळायच्या शर्यतीत धावले आणि दुसरे आले. कोथिंबीर वड्या पहिल्या दहा मिनिटांत संपल्या. काकूंनी मान्य केलं की माणसं गुणग्राहक आहेत.

तिथेच त्यांना बिल भेटला, डोरोथीचा चुलतभाऊ. त्याचं नळसामानाचं दुकान होतं. काका आणि बिल दोन तास झाडाखाली बसून व्हॉल्व्हविषयी बोलले. परतताना काकांनी गाडीत पोपटी टी-शर्टाची नीट घडी केली. मग म्हणाले, "खानदानी माणूस आहे रे. अठरा वर्षं झाली मला रिटायर होऊन. त्यानंतर व्हॉल्व्हवर कुणी माझ्याशी दोन वाक्यं बोललं नव्हतं."

तेव्हापासून काकांचा फोन वाजू लागला. आधी तो फारसा वाजत नसे. मुलगा रविवारी करायचा, तोही गाडी चालवताना. आता बिल करायचा, डोरोथी करायची, कुणाच्या घरी बाळ झालं की फोटो यायचा. नाताळात इतकी कार्डं आली की काकूंनी ती वाळवणासारखी दोरीवर टांगली. बर्फाच्या पहिल्या मोठ्या वादळानंतर बिल अडीच तास गाडी चालवत आला, काकांचा जुना स्नो-ब्लोअर दुरुस्त केला, आमटी-भात खाल्ला आणि गेला. काका त्याला दारातून हात करत राहिले. पुढच्या संमेलनात डोरोथी घराण्याचा मोठा तक्ता कापडावर छापून लावणार होती, आणि त्यात दापोलीची फांदी घालणार होती. काका दिवस मोजत होते.

घोळ झाला तो काकूंमुळे, पण हेतू चांगला होता. वाढदिवसाला त्यांनी काकांना डीएनए टेस्टची पेटी दिली, की एकदाचं काय ते कळू दे. काकांची अडचण निराळीच होती. नळीत थुंकायचं आणि ते पोस्टाने पाठवायचं, म्हणजे आपलं उष्टं परक्या माणसाच्या हातात द्यायचं. त्यांनी पाकिटावर माफीची चिठ्ठी जोडली. सहा आठवड्यांनी निकाल आला. शंभर टक्के भारतीय उपखंड. इंग्लंड शून्य. काका म्हणाले, सॅम्पल बदललं. दुसऱ्या कंपनीची पेटी मागवली, पुन्हा थुंकले. पुन्हा शून्य.

मग त्यांनी रत्नागिरीला चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. हा चुलतभाऊ थोरला, ऐंशी पार केलेला, घराण्याची जुनी कागदपत्रं सांभाळणारा. मी शेजारीच बसलो होतो. काकांनी सगळी हकीकत सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "शून्यच येणार की. साहेबांना मूल कुठे होतं? तुझे पणजोबा दत्तक. खालच्या गावातल्या भाऊबंदांकडून आणलेले." काकांनी विचारलं की मग कुलवृत्तांतात हे का नाही. तो म्हणाला, तुझ्या वडिलांनीच घातलं नाही. एकदा मूल मांडीवर घेतलं, साखर वाटली, की ते आपलं. पुन्हा तो शब्द काढायचा नाही अशी घराण्याची रीत. छापणार कसा?

आधी काकांचा चेहरा उजळला. म्हणजे साहेब इंग्रज असू शकतात, टेस्टने त्यांच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. ते असं बोलत बोलत तक्त्याकडे गेले, पेन्सिल घेतली, आणि तिथेच थांबले. साहेब कॅप्टनचे असोत वा नसोत, काका साहेबांच्या थेट रक्ताचे नव्हते. कॅप्टनची लाइन साहेबांपाशी संपली, आणि काका दुसऱ्याच नळातून आलेले होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि तक्ता गुंडाळला. त्या दिवशी आम्ही तिघं टेबलावर जेवलो, आणि कुणालाच जेवण गेलं नाही.

संमेलनाला आठ दिवस होते. काकू म्हणाल्या, काही बोलू नका, कोण तपासायला बसलंय. मीही तेच म्हटलं. मला खरंच वाईट वाटत होतं. ज्या कुळाच्या वेडाची मी इतकी टर उडवली ते तुटू नये असं आता मलाच वाटत होतं. पण काका ऐकेनात. ते म्हणाले, "उद्या तो बिल बर्फात माझ्या दारी येईल, तो मला भाऊ समजून येईल. फसवून कसं बोलावू त्याला?" सांगितल्यावर बिल येणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

या वेळी त्यांनी सूट घातला नाही. साधा पांढरा शर्ट. विस्कॉन्सिनपर्यंत ते सारखे खिशातला एक कागद चाचपत होते. शेडच्या एका बाजूला कापडी तक्ता बांधला होता, भिंतीएवढा, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या अक्षरांत दापोलीची फांदी होती. काकांचं नाव होतं, काकूंचं होतं, मुलाचं होतं. काका तक्त्यापाशी गेले नाहीत. ते सरळ डोरोथीला बाजूला घेऊन गेले, आणि आपण मागे राहावं की जावं हे न कळून मीही गेलो.

काकांनी लिहून आणलेला कागद काढला आणि ऑफिसातला अहवाल वाचावा तसा वाचला. चौकशीअंती असं निष्पन्न झालं आहे की माझे पणजोबा दत्तक होते. सबब माझा आपल्या घराण्याशी रक्ताचा संबंध नाही. माझी फांदी तक्त्यावरून काढावी, छपाईचा खर्च मी देईन. गेल्या वर्षभराच्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे. मग त्यांनी कागदाची घडी करायला घेतली आणि ती तीन वेळा चुकवली.

 डोरोथीने काकांचा हात धरला आणि त्यांना तक्त्यापुढे नेलं, दापोलीच्या कोपऱ्यात नाही, मधोमध, जिथे खुद्द तिची फांदी होती. तिने आपल्या आजोबांच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाली, हा पाच वर्षांचा असताना पूर्वेकडच्या शहरातल्या अनाथाश्रमातून आगगाडीने आला. स्टेशनात मुलं रांगेने उभी केली होती, आणि आमच्या शेतावरच्या नवराबायकोने याला मुलगा म्हणून निवडलं. मला हे सोळाव्या वर्षी कळलं. "माझ्यात त्या अर्लचा एक थेंब नाही. बिलमध्येही नाही, त्याचेही आजोबा हेच. तुमची फांदी काढायची तर आधी माझी काढावी लागेल. आणि मग हे पार्क दर वर्षी बुक कोण करणार?"

मी हसलो. काका हसले नाहीत. ते त्या नावाकडे बारकाईने पाहत होते, नकाशात जोड कुठे आहे ते पाहत असावेत तसे. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की स्टेशनातून त्या मुलाला घरी कसं नेलं.

डोरोथीला प्रश्नाचं नवल वाटलं. घोडागाडीने, ती म्हणाली. गाडीत सामान भरलेलं होतं, बसायला जागा नव्हती, म्हणून माझ्या पणजीने त्याला सगळी वाट मांडीवर घेतलं. हे आजोबा मरेपर्यंत सांगायचे, दुसरं काही आठवत नव्हतं त्यांना.

काकांनी डोळे पुसले आणि ते एकदम मराठीत बोलायला लागले, म्हणजे तिच्याशीच. "मग झालं की, बाई. मांडीवर घेतलं ना? आमच्यातही एवढंच लागतं."

डोरोथीने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतात हे. मी तिला सांगितलं, काका म्हणतात, तुमच्या आजोबांच्या दत्तकाचे कागद पूर्ण आहेत.

ती वळून रुमालात बराच वेळ नाक शिंकरत राहिली.